कॉमिक्सच्या चौकटीत आपली मुले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीच्या तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहत असतो, याची मला आता सवय झाली आहे. पण त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून वाचत होता. धड्यातल्या चार ओळी वाचायला सांगितल्या तरी घामाघूम होणारा हा मुलगा! मला आनंद झाला. जवळ जाऊन पाहिले, तर पाठ्यपुस्तकाच्या पोटात दुसरेच पुस्तक होते. हिंदीतले 'चाचा चौधरी'. मुखपृष्ठ गेलेले, कडा मऊ पडलेल्या, किती हातांतून फिरलेले कोण जाणे.

मी हात पुढे केला. त्याने मुकाट्याने पुस्तक दिले आणि न सांगताच छडीसाठी तळहातही पुढे केला. तो तळहात पाहिला आणि मला माझाच लहानपणचा तळहात आठवला.

पत्र्याच्या पेटीतला वेताळ

मी शिवडीतच वाढले. अब्बा गोदीत कामाला होते. घरात उर्दू अखबार येई, अम्मी महिन्याला एक उर्दू रिसाला वाची. मराठी फक्त शाळेच्या पुस्तकात आणि बसच्या पाट्यांवर. अशा घरात मराठी कॉमिक्स आले ते रद्दीवाल्याच्या कृपेने. रद्दी विकायला मी आणि भाई जायचो. पैशांऐवजी कधी कधी त्याच्या ढिगातून एखादे पुस्तक उचलायची मुभा असे. त्यात मला सापडला वेताळ. इंग्रजीतला फँटम, मराठीत वेताळ. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० मध्ये बंद झाले, पण रद्दीच्या दुकानात ते पुढे कितीतरी वर्षे जिवंत होते.

मला मराठी धड वाचता येत नव्हते. पण वेताळाने मूठ उगारली आहे, समोरचा माणूस मागे कोसळतो आहे, आणि डोक्यावरच्या फुग्यात दोन शब्द लिहिले आहेत, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे. 'सावधान', 'पाठलाग', 'विश्वासघात' हे शब्द मी शब्दकोशात शिकले नाहीत, चित्रात शिकले. आज मी मराठी शिकवते त्याचे श्रेय बी.एड.च्या पदवीला जेवढे आहे, तेवढेच त्या रद्दीलाही आहे.

घरात मात्र भांडण होते. दादींना जानदारांच्या तसवीरी घरात नको असत. अब्बांना वाटे, मुलगी वेळ वाया घालवते आहे. शेवटी अब्बांनीच तोडगा काढला. कॉमिक्स पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत राहतील, झाकण बंद राहील आणि गृहपाठ झाल्याशिवाय पेटी उघडणार नाही. तसवीरींबद्दल घरोघरी वेगवेगळी मते असतात. तो निवाडा उलेमांचा, माझा नाही. वर्गात आणि घरात जे पाहिले तेवढेच मी सांगते आहे.

शाळेत तोडगा नव्हता. एका शिक्षकांनी माझ्या दप्तरातले कॉमिक वर्गासमोर फाडले आणि तळहातावर दोन छड्या दिल्या. छड्या मी विसरले. फाटल्याचा आवाज विसरले नाही.

चित्रकथेचे पूर्वज

कॉमिक्स म्हणजे परदेशातून आलेले खूळ, असे आपल्याला वाटते. पुस्तकाचे रूप परदेशी आहे, हे खरे. पण चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

बादशहा अकबराने तरुणपणी 'हम्जानामा' चित्रित करून घेतला. हजरत अमीर हम्जांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या साहसकथांची ही दास्तान. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांच्या देखरेखीखाली हे काम सुमारे १५ वर्षे चालले आणि जवळपास १४०० मोठमोठी चित्रे तयार झाली. एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला मजकूर. दास्तानगो मजकूर वाचणार आणि ऐकणारे चित्र पाहणार, अशी ही मांडणी होती.

आपल्या कोकणातही पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एकेक चित्र पुढे धरायचे, गात गात कथा सांगायची, मग पुढचे चित्र. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बादशहाचा दरबार असो की कोकणातले देऊळ, माणसाला गोष्ट कानाने आणि डोळ्याने एकाच वेळी हवी असते.

अमेरिकेची चार युगे

कॉमिक्सच्या पुस्तकांचे अभ्यासक अमेरिकेच्या इतिहासाची साधारण चार युगे मानतात.

पहिले सुवर्णयुग. ते १९३८ मध्ये सुपरमॅनपासून सुरू झाले असे धरतात. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला. दोघेही बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले. आणि त्यांचा नायक कसा? दूरच्या ग्रहावरून आलेला, खरे नाव लपवून शहरात नोकरी करणारा, सगळे ज्याला भित्रा समजतात असा. मंदीने गांजलेल्या त्या काळात गरीब मुलांना हा आपला वाटला, यात नवल नाही.

युद्धानंतर गुन्हेगारी आणि भुताखेतांच्या कॉमिक्सना ऊत आला. १९५४ मध्ये फ्रेडरिक वेर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक आले. कॉमिक्समुळे मुले बिघडतात, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली आणि त्या नियमांत बसणाऱ्या अंकांवर शिक्का छापला जाऊ लागला. म्हणजे पालकांची भीतीही काही आजची नाही.

१९५६ पासून रौप्ययुग धरतात. त्यात १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला. शाळेत जाणारा, चष्मा लावणारा, चाचीबरोबर राहणारा, पैशांची चणचण असणारा मुलगा. १९७० च्या सुमारास कांस्ययुग आले आणि व्यसनासारखे विषय चौकटीत शिरले. १९८६ च्या आसपास आधुनिक काळ सुरू झाला आणि मोठ्यांसाठी गंभीर चित्रकादंबऱ्या निघू लागल्या.

या चारही युगांत एक गोष्ट दिसते. मुलाला चौकटीत ताकदवान माणूस तर हवा असतोच, पण तो आपल्यासारखाही असावा लागतो. नुसती ताकद पाहायला सर्कस पुरते.

गोदीच्या रुळांवरून आलेले पान

आपल्या देशातली कॉमिक्सची कहाणी मुंबईत घडली आणि तिचा एक धागा आमच्या गोदीच्या रुळांशी जोडलेला आहे.

आबिद सुरती हे नाव जुन्या वाचकांना ठाऊक असेल. चित्रकार, लेखक, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचे जनक. त्यांचे बालपण डोंगरीत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत परदेशी सैनिक गोदीत उतरत आणि तिथून छोट्या गाडीने व्ही.टी.कडे जात. वस्तीतली मुले गाडीबरोबर धावत, सैनिक त्यांच्याकडे खाऊ फेकत. एकदा एका सैनिकाने कॉमिक्स भिरकावले. मुलांची झोंबाझोंबी झाली आणि आबिदच्या हाती पान लागले. ते पान पाहून त्याला वाटले, असे तर मलाही काढता येईल! ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. शिवडीत गोदीच्या मालगाड्या पाहत मी मोठी झाले, म्हणून ती मला फार जवळची वाटते.

१९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. सुरुवात ली फॉक यांच्या वेताळापासून झाली. पुढे जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन असे अनेक आले आणि मराठीसह अनेक भाषांत अंक निघाले. मूळ कथेत वेताळाचा मुलूख 'बेंगाली' म्हणून ओळखला जाई आणि समुद्री लुटारूंची टोळी 'सिंग' नावाची होती. भारतीय अंकात मुलुखाचे नाव 'डेंकाली' झाले आणि टोळी 'सिंगा' झाली. चौकटीतल्या एका नावानेही कुणाचे मन दुखू शकते, हे त्या संपादकांना कळत होते.

१९७६ मध्ये याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींनी बहादूर आणला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूरचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा बदला घ्यायला निघतो, पण सत्य कळल्यावर वाट बदलतो आणि गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. उडता येत नाही, अदृश्य होता येत नाही. त्याच्यासोबतची बेला कराटे जाणणारी. गोऱ्या वेताळानंतर चौकटीत आपल्या मातीतला माणूस आला, आणि तो आणला डोंगरीच्या एका मुलाने.

सुरतींची पुढची गोष्टही मुलांना जरूर सांगावी. २००७ पासून ते मीरा रोडला दर रविवारी प्लंबरला सोबत घेऊन लोकांच्या घरांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. पाणी वाचवण्यासाठी. बहादूरच्या निर्मात्याला शोभेल असेच हे काम आहे.

चाळीचाळीतून फिरलेली पुस्तके

इंद्रजालच्या सुरुवातीच्या कामात असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. आपल्या मुलांना ग्रीक पुराणे माहीत, पण आपल्या कथा माहीत नाहीत, ही त्यांची खंत होती. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या मालिकेला रूप दिले. मीराबाईचा अंक चितारला तो युसूफ लिएन यांनी. १९८० मध्ये पैंनीच 'टिंकल' काढले. टोपीने डोळे झाकलेला शिकारी शंभू, धांदरट सुपंडी आणि आपल्या ओळखीचे नसरुद्दीन होजा तिथे एकत्र नांदले.

दिल्लीकडे प्राण यांचे चाचा चौधरी आणि साबू होते. प्राण यांचा जन्म १९३८ चा, कसूरचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. १९७८ मध्ये 'डायमंड कॉमिक्स' आणि १९८६ मध्ये 'राज कॉमिक्स' सुरू झाले. नागराज, ध्रुव आणि मुंबईत वावरणारा डोगा यांनी आमच्या पिढीला वेड लावले. ही पुस्तके विकत कोण घेणार? कोपऱ्यावरचा दुकानदार दोरीवर टांगून ती भाड्याने देई. दिवसाला पन्नास पैसे. एकाने आणायचे आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या सगळ्यांनी वाचायचे. आमच्याकडून शेजारच्या सावंतांकडे, तिथून वरच्या मजल्यावर. १९९२-९३ च्या त्या वाईट दिवसांत दारे बंद झाली होती. पुन्हा उघडली तेव्हा सावंतांच्या मुलाने दारात येऊन पहिली चौकशी केली ती उरलेल्या नागराजची. आम्ही पुस्तक दिले. त्याच्या आईने डबा भरून पाठवला. त्या दिवशी अम्मी खूप वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मग घरोघरी केबल आली, पुढे मोबाइल आला. दोऱ्या रिकाम्या झाल्या. वर्तमानपत्रात १९९१ पासून 'सकाळ'मधल्या चिंटूने मराठी घरांत जागा केली, तेवढा एक दिलासा.

मूल त्यात काय पाहते?

इतकी वर्षे शिकवल्यावर मला कॉमिक्सच्या ओढीचे कारण थोडे उमगले आहे. पहिल्या चौकटीत चोर खिडकीवर चढला. दुसऱ्या चौकटीत तो पोलिसांच्या गाडीत बसला. मधे काय झाले? तिथे फक्त पांढरी पट्टी असते. मधला प्रसंग वाचणारे मूल स्वतः रचते. व्हिडिओत सगळे तयार मिळते. कॉमिक्समध्ये निम्मे काम वाचकाचे. शिवाय वाचण्याचा वेग त्याच्या हातात. अडले तर थांबावे, मागे जावे, कुणी हसत नाही. वाचायला घाबरणाऱ्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आमच्या मुलांची एक गंमत सांगते. उर्दूच्या सवयीने काही जण पानावर आधी उजवीकडच्या चौकटीवर बोट ठेवतात. जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडेच वाचतात, हे मी सांगितले तेव्हा वर्गाला कोण आनंद झाला!

पण याच ओढीत धोकाही आहे. मागच्या वर्षी एका मुलीने इतिहासावरची चित्रकथा वाचून मला विचारले, "टीचर, बुरे लोगों के कपडे अपने दादा जैसे क्यों हैं?" मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. 'अमर चित्र कथे'च्या काही जुन्या अंकांत मुसलमान राजे क्रूर चेहऱ्याचे दाखवले, अशी टीका अभ्यासकांनीही केली आहे. त्याच मालिकेत रझिया सुलताना आहे, अकबर आहे, आणि १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवणारी आपल्या महाराष्ट्राची चांदबिबीही आहे, हेही तेवढेच खरे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितले, चित्रकाराला एका चौकटीत थोडीच माणसे बसवता येतात. म्हणून वाचताना विचारायचे, बाहेर कोण राहिले? शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या पदरी काझी हैदर होता. ते त्या पानावर नव्हते, इतिहासात होते. मुलीने वहीत दोन्ही नावे लिहून घेतली.

आता जगभर चौकटीत नवे चेहरे येत आहेत. २०१३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये कमला खान ही पाकिस्तानी आईबापांची, अमेरिकेत वाढलेली मुलगी आली आणि २०१४ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. तिच्यामागे संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोन मुसलमान स्त्रिया होत्या. त्यातले सगळेच आपल्या घरांना पटेल असे नाही. पण अम्मी-अब्बांची बोलणी खाणारी, नियम आणि मन यांत अडकलेली मुलगी आपल्या ओळखीची आहे.

घरात काय करता येईल?

कॉमिक्स घरात आणायचे की नाही हे प्रत्येक घराने ठरवावे. आणायचे ठरले, तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी.

आधी स्वतः चाळा. मारामारी किती, स्त्रियांची चित्रे कशी, खलनायक कोण, हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

मुलासोबत बसून वाचा. एक संवाद तुम्ही म्हणा, एक त्याला म्हणू द्या. अडखळले तर लगेच दुरुस्त करू नका, चित्र त्याला सांगेल.

वाचून झाल्यावर दोनच प्रश्न विचारा. मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झाले असेल? आणि या गोष्टीत कोण दिसले नाही?

चित्राकडून शब्दाकडे न्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मुंबईतून निघणारे 'गुल बूटे' उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी आहे. कॉमिक्स पायरी आहे, तिच्यावर थांबायचे नसते, पण ती काढून टाकली तर लहान पाय वर चढणार कसे?

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे राहिलेच. मी 'चाचा चौधरी' फाडले नाही. त्याला म्हटले, "हे हिंदीत आहे, मला मराठीत करून दे. रोज एक पान." त्याने आठ पाने केली. चुका भरपूर, 'ळ' तर कुठेच नव्हता. नवव्या पानाला तो कंटाळला आणि म्हणाला, "टीचर, मी माझीच काढू का?"

त्याच्या कॉमिक्समध्ये शिवडीची खाडी आहे, गुलाबी फ्लेमिंगो आहेत, मागे अटल सेतू आहे. नायक गोदीत काम करणाऱ्याचा मुलगा. चिखलात अडकलेला पक्षी तो सोडवतो. शेवटच्या चौकटीत पक्षी उडतो आणि मुलगा वर पाहतो. फुग्यात एकच शब्द आहे, 'मोकळा'. 'ळ' अगदी नीट काढलेला.

ते पान मी घरी आणले आहे. अब्बांची पत्र्याची पेटी अजून माझ्याकडे आहे. आता तिचे झाकण उघडे असते.